मी वाजत नव्हते

शनिवार, १४ मे १९८८. दुपारचे पावणेपाच. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, सागाच्या जंगलातला उतार. रस्त्याच्या डाव्या अंगाला, डांबर सोडून खाली, एक जीप उभी होती. इंजिन बंद होतं.

मी त्या जीपमधली कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेली. अपघाताच्या कागदात माझा उल्लेख दोनदा आहे, पण मला कोणी काही विचारलं नाही. म्हणून इथं सांगते.

कारखान्यातल्या कोऱ्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य सुरू झालं १९८३ च्या एप्रिलमध्ये, चंद्रपुरात, गाणी भरून देणाऱ्या एका दुकानात. सतरा-सतरा वर्षांचे दोघे काउंटरवर वाकून भांडत होते. देवराव पोंभुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतला; अक्षर चांगलं म्हणून गाण्यांची यादी त्याच्या हातात. लालसू जवळच्या गोंड टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा. त्याला सगळी नाचायची गाणी हवी होती. देवरावनं तरी दोन जुनी रडकी गाणी यादीत घुसवलीच. अकरा गाणी भरून झाली आणि दुसऱ्या बाजूला शेवटी सात मिनिटं कोरी उरली.

त्या उन्हाळ्यात दोघे तेंदूपत्त्याच्या कंत्राटदाराकडे कामाला होते. पत्त्याची पोती जीपमध्ये चढवायची, गोदामावर उतरवायची. कंत्राटदाराचा ड्रायव्हर दुपारी मोहाच्या झाडाखाली घोरत पडे आणि हे दोघे त्याच्या जीपवर गाडी शिकत. देवरावचा सेलवरचा टेपरेकॉर्डर दोघांच्या मध्ये सीटवर असे आणि त्यात मी. तिसरं गाणं लागलं की मला अजून नाल्याची रेती आठवते. तिथं चाकं रुतली होती आणि लालसू एकाच वेळी क्लच सोडत होता आणि देवरावला शिव्या देत होता.

कोऱ्या सात मिनिटांचा बंदोबस्त लालसूनं केला. टोल्यावर संध्याकाळी पोरी हातात हात गुंफून रेला, त्यांचं नाचाचं गाणं, म्हणत होत्या. त्यानं टेप मध्ये नेऊन ठेवला आणि बटण दाबलं. माझ्यात आजही ते गाणं आहे. मधेच एक कोंबडी ओरडते आणि सोनीबाई नावाची पोरगी सूर सोडून हसते. दोन वर्षांनी ती लालसूची बायको झाली.

१९८६ मध्ये दोघांनी मिळून सरकारी लिलावातली जीप घेतली. त्यांची पहिली गाडी. देवराव तोवर वीज केंद्रात नोकरीला लागला होता, म्हणून लालसू सवारी वाहू लागला. पहिल्याच दिवशी जीप सुरू होईना. सवाऱ्यांनी उतरून ढकलली आणि वर टोमणा मारला, भाडं आम्ही देऊन राह्यलो का तू देणार आहेस. लालसूनं उत्तरादाखल मला देवरावच्या टेपमध्ये घालून बटण दाबलं.

दोन वर्षं मी माणसं पाहिली. बाजारचं सामान पायाशी घेऊन कडाकडा भांडणारी माणसं देवरावच्या त्या रडक्या गाण्यांना गप्प व्हायची. एक पोक्त मास्तर तर स्वतःचं गाव मागं पडलं तरी उतरेना. लालसूनं विचारलं तर म्हणाला, एवढं संपू दे गा.

आता तो उतार. तिथं एका झाडाखाली देव आहे. येणारा-जाणारा एक डहाळी तोडून वाहतो आणि पुढं जातो. तिथं मशीनची गाणी वाजवायची नाहीत, हा लालसूचा नेम. अलीकडच्या वळणावरच तो मला बंद करी. गाडीत ठेवली तर मेच्या उन्हात मी पापडासारखी वाकेन, म्हणून डबीत घालून शर्टाच्या खिशात घेई. त्या दिवशीही तेच केलं. गाडी रिकामी होती. तो जीपच्या पुढं, झाडाजवळ, हातात डहाळी घेऊन उभा होता.

मागून लाकडांनी भरलेला ट्रक आला. तो उतारावरून घसरत जीपला मागून भिडला. जीप लालसूला घेऊन झाडावर गेली. ट्रक थांबला नाही. माझ्या डबीचा कोपरा फुटला. लालसूचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

पोलिसांच्या कागदावर काय आलं? "टेपवरील गाणी ऐकण्याच्या नादात चालकाने वाहन झाडावर आदळविले." ट्रकचा उल्लेखच नाही. लालसूचं लायसन काढून घेतलं. गावोगावी झालं, गाण्यापायी गाडी ठोकणारा तो हाच.

देवरावनं रजा काढून पोलीस ठाण्यात चकरा मारल्या. चौथ्या चकरेला साहेबांनी बसायला सांगितलं. देवराव उभाच राहिला.

"सायेब, तुमच्याच कागदावर लिहून हाय. कॅसेट जखमीच्या खिशात, डबीत भेटली. खिशात वाजते काय?"

"गाडीत टेप होता ना?"

"होता."

"मग झालं."

"सायेबांच्या घरी चूल हाय. म्हणून काय आत्ता भात शिजून राह्यला?"

त्याला बाहेर काढलं. आठ महिन्यांनी, अर्जांवर अर्ज करून, त्यानं मला मात्र सोडवून आणलं.

आता मी लालसूच्या घरी आहे. पायाचं त्यानं मनावर घेतलेलं नाही. चंद्रपूरचा एक मिस्त्री हातानं ओढायचा क्लच बसवून द्यायला तयार आहे. अडलंय ते लायसनपाशी, आणि लायसन अडलंय त्या एका ओळीपाशी. देवराव रविवारी येतो, टेप लावतो. नाल्याचं गाणं लागलं की लालसूचा उजवा पाय शेणानं सारवलेल्या जमिनीवर ॲक्सिलरेटर दाबू लागतो. सोनीबाई त्या पायाकडं बघते. मागच्या रविवारी लालसू बोलला.

"पाय गेला थे गेला, देवराव. पण मी देवापुढं गाणं वाजवून राह्यलो होतो, असं काऊन लिहिलं? थे खोडल्याबिगर मले मरन नको."

मला दया नको. मला पुन्हा जीपमध्ये जायचंय, लालसू चालवत असताना. त्यासाठी देवरावनं आता नवा अर्ज टाकला आहे, आणि तो माझ्याबद्दल नाही.

त्या उतारापासून तीन किलोमीटरवर जंगल खात्याचा नाका आहे. लाकडाच्या ट्रकला बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. नाक्यावर आडवा बांबू असतो. नंबर लिहिल्याशिवाय तो उचलत नाहीत. देवरावनं जाऊन नोंदवही पाहिली. १४ मे, दुपारी चार ते संध्याकाळी सहा: एकही वाहन गेलेलं नाही.

ट्रक जंगलात उरला नाही. बांबू मोडला नाही. तो नंबर न लिहिता कोणी उचलला, एवढंच त्या नव्या अर्जात विचारलंय, आणि ते अजून कोणी सांगितलेलं नाही.