चोथ्याचा थर

मी काचघरातलं टेबल बोलतोय. एका टोकाला मातीचा आणि दुसऱ्या टोकाला कॉफीचा वास आला तर गोंधळू नका. दोन्ही वास माझेच.

एका सुताराने मोडीत निघालेल्या गोदामाच्या दारांपासून मला घडवलं. पाय जरा आखूड झाले, म्हणून रोपांच्या या नर्सरीच्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, खाली विटा सरकवल्या. तेव्हापासून माझ्यावर बिया पेरल्या गेल्या, रोपं कुंड्यांत भरली गेली. बाबा प्रत्येक कुंडीत बोट खुपसून ओल बघतात. पाहुण्यांशी बोलतानाही त्यांचं बोट मातीतच असतं.

गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीने, म्हणजे ताईने, काचघरात कॉफीचं दुकान काढायचं म्हटलं.

"रोपांच्या जागेत कप?" बाबा म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत काय ते कर. मग मला काचघर मोकळं हवं."

ताईने मला घासूनपुसून अर्धं टेबल कॉफीसाठी घेतलं. लोक येऊ लागले. झाडं बघायला आलेले कॉफी पिऊन जात, कॉफीला आलेले कुंडी घेऊन जात. मला तर तरुण झाल्यासारखं वाटायचं.

मग महिनाअखेर जवळ आली तेव्हा बाबा बियाणं आणायला चार दिवस परगावी गेले. माझ्या मातीकडच्या टोकाला झिनियाच्या फुलझाडांची साठ रोपं होती. दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी अंगणात लावायला ती मागवली होती. ताईने कुठेतरी ऐकलं होतं की कॉफीचा चोथा म्हणजे उत्तम खत. बाबांना खूश करावं म्हणून तिने ओला चोथा बोटभर जाड पसरला. तो सुकून पापडासारखा कडक झाला. वरून घातलेलं पाणी ट्रेच्या कडेने वाहून जाई, मुळांना थेंब नाही. चौथ्या दिवशी साठही रोपांनी माना टाकल्या.

आई घाबरली. "शेजारच्या नर्सरीतून साठ रोपं आणून ठेव. ह्यांना पत्ताही लागणार नाही."

ताई बराच वेळ माझ्या कडेला हात टेकून उभी राहिली. पण ती शेजारच्या नर्सरीत गेली नाही.

बाबा आले तेव्हा डॉक्टरीणबाई कॉफी पीत बसल्या होत्या. बाबांचं बोट मातीकडे जायच्या आतच ताई म्हणाली, "बाबा, रोपं मेली. मी मारली. चोथा घातला. डॉक्टर, तुमचीच होती ती. मला माफ करा."

बाबांनी वाळलेला थर उचलून पाहिला. "कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला?"

"तुम्ही नाही का पहिल्या वर्षी जास्त खत घालून गुलाब जाळले?" आई मध्येच म्हणाली. "पन्नास होते!"

"एकशे दहा," बाबा म्हणाले. "आणि मी वडिलांना सांगितलं, उंदरांनी मुळं खाल्ली. बिचारे महिनाभर सापळे लावत होते. वडील जाईपर्यंत मला खरं सांगता आलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. "मला घाई नाही. नवीन पेरा, मी थांबते."

बाबांनी रिकामा ट्रे ताईसमोर सरकवला. "चोथा आधी पालापाचोळ्यात नीट कुजवायचा. मग मूठभरच. चल, पेर." आणि स्वतःची खुरपी, चाळणी, बियांचे डबे उचलून ते पडवीकडे निघाले.

"अहो, हे कुठे नेताय?" आईने विचारलं.

"पडवीत. तिथे ऊन बरं येतं," बाबा म्हणाले. "काचघर राहू दे पोरीला."

पडवीत ऊन अजिबात येत नाही. मला माहीत आहे, मी एक हिवाळा तिथे काढलाय.

आता माझ्या फळ्यांवर कपांचे गोल डाग पडलेत. इतक्या वर्षांत या पाठीवर मी हजारो रोपं वाढताना पाहिली, पण त्या दिवशी ताई जितकी मोठी झाली तितकं काहीच नाही. तुमच्या हातून एखादं रोप मेलं असेल तर लपवू नका. कुंडीसकट घेऊन या. माझ्यावर जागा आहे.