तीन मिनिटं मागे

"आज कशालाही हात लावायचा नाही," नणंदबाईंनी दारातच बजावलं. "वायरला नाही, बटणाला नाही. बाळाला घेऊन मागच्या खोलीत बसायचं."

"बाळाला हात लावलेला चालेल ना, ताई? की तिचेही हक्क विकून झालेत?"

त्यांनी माझ्याकडे नाही, लेकीकडे बघितलं. आठ महिन्यांची लेक झोळीतून त्यांना बघून हसली. त्यांनाही हसू आलं होतं, ते त्यांनी आवरलं आणि वळून गेल्या.

लीग ताईंची. फरशांच्या दुकानावरचं सभागृह, काचेच्या खोलीत समोरासमोर पाच-पाच संगणक, बाहेर दोनशे खुर्च्या आणि एक मोठा पडदा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या दोनशे खुर्च्यांवर चाळीस माणसं बसायची, त्यातली निम्मी खेळणाऱ्यांच्या घरची. मी एक चॅनेल काढलं आणि सामने घरोघरी दाखवायला लागले. सहा वर्षांत चारशे बारा सामने झाले. पोट पुढे आलेलं असतानाही मी खुर्ची मागे सरकवून दाखवत होते.

दाखवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. या बंदुकांच्या खेळात कॅमेरा नसतो. दहा खेळाडू दहा ठिकाणी, प्रत्येकाला फक्त स्वतःसमोरचं दिसतं. बघणाऱ्यांना कुणाच्या नजरेतून बघायचं ते एक माणूस ठरवतो. आमच्याकडे त्याच्या खुर्चीला 'डोळा' म्हणतात. डोळा चुकीच्या जागी असला तर लोकांना गोळी लागलेली दिसते, ती का लागली हे दिसत नाही.

या वर्षी खेळ बनवणाऱ्या कंपनीने ताईंपुढे करार ठेवला. यापुढे प्रक्षेपण फक्त कंपनीच्या चॅनेलवर, डोळाही कंपनीचाच. त्या दिवशी सभागृहात जे झालं त्याला चर्चा म्हणायचं असेल तर म्हणा.

"भिंती आमच्या, दारं आमची, बंदुका आमच्या," कंपनीचा माणूस म्हणाला. गोड बोलायचा, आवाज कधी चढवायचा नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताना आपणच आडदांड वाटायचो.

"आणि खेळतं कोण? तुमच्या भिंती?" हे मुंगी म्हणाली. मुंगी आमची सगळ्यात चांगली खेळाडू. वय एकोणीस, अंगाने एवढीशी, आणि खेळात कडेकडेने अशी सरकते की समोरच्याला चावल्यावरच कळतं. "चेंडू बनवणारा कधी येऊन म्हणतो का, मैदानावर झालं ते सगळं माझं?"

"चेंडूवाल्याला उद्या चेंडू बंद करता येत नाही," तो म्हणाला. "आम्हाला खेळ बंद करता येतो."

ताई म्हणाल्या, "सभागृह माझं आहे, लीग माझी आहे, सही मी करते. ज्यांना पटत नसेल त्यांनी जिना बघितलेला आहे."

"सामने मी दाखवले, ताई. सहा वर्षं."

"दाखवलेस. उपकार झाले. पण घर कुणाचं, यावर खिडकीतून बघणाऱ्याने हक्क सांगायचा नसतो."

घरी नवऱ्याला विचारलं तर तो बहिणीचंही बरोबर म्हणाला आणि माझंही. देवाने त्याला मान दिली आहे ती दोन्हीकडे डोलवायला.

शेवटी माझ्याशी कंपनीने वेगळा कागद केला. जुने चारशे बारा सामने माझ्या चॅनेलवर राहतील. अट एकच, नव्या सामन्याचा एक सेकंदही मी टिपायचा, म्हणजे रेकॉर्ड करायचा नाही. टिपला तर चॅनेल त्याच दिवशी बंद. लेक कडेवर होती, ती कागदाचा कोपरा चघळत होती. तो कोपरा सोडवून मी सही केली.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. मागच्या खोलीत जुने पडदे, तुटक्या खुर्च्या आणि माझा जुना संगणक. लेकीला पाजता पाजता मी तो सुरू केला. डोळ्याचा माझा पासवर्ड अजून चालत होता. करार बावीस पानांचा, पण पासवर्ड बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

फक्त बघायचं, असं मी ठरवलं होतं. मुंगीच्या नजरेत जाऊन बसले. ती हळू हळू चालत होती, दर दाराशी थबकत होती. लेकीच्या पायाचे तळवे माझ्या हातात होते. मी तिला हळूच सांगत होते, "बघ, आता मावशी उजवीकडे जाणार. बघ, गेली." आणि बोट टिपायच्या बटणावर गेलं. सवयीने गेलं असं म्हणता येईल. तसं म्हणणार नाही. डोळ्याच्या जागी बसून टिपायचं नाही हे मला सहन झालं नाही, म्हणून गेलं.

मोबाइलवर कंपनीचं प्रक्षेपण लावलं होतं. त्यांचा डोळा जिथे आवाज होईल तिथे धावत होता, गाडीमागे कुत्रं धावतं तसा. तेवढ्यात लक्षात आलं. बाहेर सभागृहात ओरडा उठला आणि त्याच क्षणी मोबाइलवरही तीच गोळी सुटली.

त्याच क्षणी सुटायला नको होती. खेळ घरोघरी तीन मिनिटं मागे ठेवून दाखवायचा, हा या धंद्यातला पहिला नियम. नाहीतर कुणीही मोबाइलवर बघून खेळाडूला खूण करील, शत्रू कुठे लपलाय म्हणून. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावरही त्यासाठीच फक्त कोण पडलं आणि गुण किती, एवढंच येतं. मोठ्या सभागृहांत हे यंत्रच करतं. आमच्याकडे मी करायची, हाताने, प्रत्येक सामन्याआधी. कंपनीची पोरं समजली सभागृहवाले करतात, ताई समजल्या कंपनीवाले करतात. मालकी कुणाची यावर बावीस पानं लिहिली होती. त्या तीन मिनिटांवर एक ओळ नव्हती.

दार उघडून दहा पावलं गेले असते तर झालं असतं. "ताई, उशीर लावलेला नाही," एवढंच वाक्य.

मी मिठाची गुळणी धरून बसले. हात लावायचा नाही म्हणालात ना? मग नाही लावत. कळू दे एकदा, डोळा म्हणजे नुसतं बघणं नसतं ते. लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मी हे मनात म्हणत होते, आणि मला बरं वाटत होतं.

सामना बरोबरीत आला. शेवटचा डाव. मुंगीच्या बाजूचे चौघे पडले, ती एकटी उरली, समोर दोघे. कंपनीचा डोळा त्या दोघांवर होता. माझा मुंगीवर. ती मागच्या दारावरून गेली, पुढच्या दाराशी जाऊन बराच वेळ दबा धरून बसली. कुणी आलं नाही. ती परत मागे आली, अर्धा सेकंद खाली बघितलं, गर्रकन वळली आणि धुरात गोळी झाडली. एक पडला. दुसरा घाबरून उघड्यावर आला, तोही पडला.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. लेक दचकून रडायला लागली.

मग ओरड्याचा सूर बदलला. मी तिला खांद्यावर घेऊन बाहेर आले तेव्हा समोरच्या संघाचा कप्तान काचेच्या खोलीबाहेर उभा राहून तावातावाने बोलत होता. त्याला सगळे दादा म्हणत, आणि तो ते मनावर घेई.

"धुरात हिला दिसलं कसं? सांगा ना, कसं? तिची आई पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसलीय! मोबाइलवर सगळं तेव्हाच्या तेव्हा चाललंय, हे बघा! आईने हात वर केला आणि ही वळली. मी डोळ्यांनी बघितलं."

मुंगीची आई शिवणकाम करते. नजर अधू झाली आहे, मोठा पडदा तिला नीट दिसत नाही, म्हणून मोबाइल नाकाशी धरून बसली होती. "मी डोळे झाकले हो," ती म्हणत होती. "मला बघवेना म्हणून डोळे झाकले. मला काय कळतंय त्यातलं?"

"दादा, तोंड सांभाळ," मुंगी म्हणाली. "माझ्या आईवर जाऊ नकोस."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

पंचांनी दोघांच्या मध्ये हात घातला. पंच म्हणजे निवृत्त खेळशिक्षक, शिट्टी अजून गळ्यात. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं. प्रक्षेपणातून माहिती घेतल्याचा संशय दूर झाला नाही तर सामना रद्द आणि खेळाडूला दोन वर्षं बंदी. मुंगीला पुढच्या महिन्यात मोठ्या संघाने चाचणीला बोलावलं होतं. दोन वर्षांनी तिला कोण ओळखणार होतं?

"तिच्या नजरेतलं चित्र दाखवा," पंच कंपनीच्या माणसाला म्हणाले.

"आमच्या प्रक्षेपणात त्या वेळी दुसरा भाग होता."

"मग मूळ नोंद असेल ना?"

"ती मुख्य कार्यालयाकडे असते. कंपनीची मालमत्ता आहे. ती बाहेर देता येत नाही."

"अहो, पोरीचं आयुष्य आहे!" ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा फाटलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"सही तुमचीच आहे, मॅडम," तो म्हणाला. नेहमीसारखाच गोड.

मला आठवतं, माझा हात लेकीच्या पाठीवर थोपटत होता आणि थांबत नव्हता. ती केव्हाच शांत झाली होती. चारशे बारा सामने. त्यातल्या पहिल्यात मुंगी तेरा वर्षांची, केसांना रबर, दोन मिनिटांत बाद, आणि माझा आवाज म्हणतोय, "काही हरकत नाही, ही पोरगी परत येईल."

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

सगळे वळले.

"काय आहे?" ताई.

"तिच्या नजरेतलं. अख्खा सामना."

मागच्या खोलीत सात माणसं दाटीवाटीने उभी राहिली. मी चित्र लावलं. मुंगी मागच्या दारावरून जाते. उंबऱ्याशी पडलेल्या कुणाची तरी बंदूक तशीच पडलेली आहे. ती पुढच्या दाराशी जाते, भलत्याच दिशेला तोंड करून बसते. संपूर्ण दीड मिनिट.

"हिला खुणा कळत होत्या, तर इथे कशाला बसली असती?" पंच म्हणाले.

मग ती परत येते. खाली बघते. उंबऱ्याशी बंदूक नाही.

"कुणीतरी उचलली म्हणजे कुणीतरी आत आलं," मुंगी म्हणाली. "यात काय एवढं?"

पंचांनी ते तीनदा बघितलं. दादाने एकदाच बघितलं आणि बाहेर निघून गेला. चित्रासोबत माझा आवाजही येत होता, लेकीशी बोलणारा. "बघ, मावशीने काय बघितलं? बघ बघ." तेवढ्या माणसांत मला तो ऐकवेना.

"निकाल कायम," पंच म्हणाले. मग पुस्तक मिटता मिटता थांबले. "पण प्रक्षेपण तीन मिनिटं मागे का नव्हतं? कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

तेव्हाही गप्प राहता आलं असतं.

"माझ्या आलं होतं," मी म्हणाले. "दुसऱ्या डावापासून."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बसून राहिलात?"

"हो."

ती आईचा हात धरून तिला जिन्याकडे घेऊन गेली. बक्षिसाचा चषक टेबलावरच राहिला, तो पंच मागून घेऊन गेले. आभार मानायला तिने थांबावं असं मला वाटलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मात्र बरं झालं असतं.

"ही नोंद आम्हाला लागेल," कंपनीचा माणूस म्हणाला. "आणि कागदाप्रमाणे, आपलं चॅनेल. आजच."

"आत्ताच तुमची अब्रू वाचवली तिने," ताई म्हणाल्या.

"त्याबद्दल आभारी आहोत. कागद कागदाच्या जागी."

ताई माझ्याकडे वळल्या. "कुणी सांगितलं होतं तुला टिपायला? हं? कुणी सांगितलं होतं?"

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं सही करायला?"

"लीग चालू राहावी म्हणून केली! तू काय राखलंस? पोरीचं नाव जायची वेळ आली तरी ही बाई दारामागे बसून आमची मजा बघतेय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चॅनेलचं पान उघडलं. बंद करण्याआधी ते दोनदा विचारतं, नक्की का, आणि मग पासवर्ड मागतं. लेक माझ्या मनगटाला लोंबकळत होती. एका हाताने मला अक्षरं सापडत नव्हती. दोनदा चुकलं.

ताई बघत उभ्या होत्या. कपाळावरची आठी तशीच होती.

"दे तिला इकडे," त्या म्हणाल्या. "दोन हातांचं काम आहे ते."

मी लेकीला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिचं तोंड आपल्या खांद्यात घेतलं, संगणकाकडे पाठ केली, आणि मी लिहीत होते तोवर तिला थोपटत राहिल्या.