मोठ्या ताई नाहीत

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मोठ्या ताई रुग्णालयाच्या तळघरात पोचल्या, तेव्हा शिवणखोलीच्या दारावर नवी पाटी होती. पांढऱ्या रंगावर हिरवी, वळणदार, वीतभर उंचीची अक्षरं: ‘मोठ्या ताई नाहीत’. त्याखाली बारीक अक्षरांत: ‘काहीही वाया घालवू नका’.

ताईंनी पाटी दोनदा वाचली. मग पर्समधून किल्ली काढून कुलपात घातली. किल्ली फिरेना. कुलूपही नवं होतं.

शुक्रवारी त्यांची अक्कलदाढ काढली होती. उजवा गाल अजून सुजलेला होता आणि दोन-तीन दिवस कमी बोला, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बावीस वर्षांत त्यांनी सलग दोन दिवस रजा पहिल्यांदाच घेतली होती. तेवढ्यात दारावर पाटी लागली.

मागे काहीतरी धप्पकन पडलं. धुलाईखात्याचे मुकादम उभे होते, चादरींचं गाठोडं त्यांच्या पायाशी.

“ताई... तुम्ही आहात?”

“दिसत नाही का?” ताई डाव्या जबड्यातून म्हणाल्या.

“दिसताय. पण पाटी शनिवारीच लागली ना. मी काय, लगेच विश्वास ठेवला नाही हं. तुमच्या घरी फोन केला. तुमच्या मिस्टरांनी उचलला. म्हणाले, ती आता बोलू शकत नाही.”

“दाढ काढली होती!”

“ते नाही म्हणाले. आवाज जड होता त्यांचा. मीपण जास्त खोदून विचारलं नाही, अशा वेळी कोण विचारतं?” मुकादमांनी गाठोडं उचललं आणि परत खाली ठेवलं. “चला, लवकर चला. साडेआठला कँटीनमध्ये तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता आहे. नंतर मी दोन शब्द बोलणार होतो.”

“काय बोलणार होता?”

“चांगलंच,” मुकादम म्हणाले, आणि खिशातला कागद आणखी आत ढकलला.

दोघं कँटीनच्या दारात पोचले तेव्हा शांतता सुरू झाली होती. सत्तर-ऐंशी माणसं माना खाली घालून उभी होती. कोपऱ्यात, एकट्याच, मान वर करून एक तरुण बाई मोबाईलवर फोटो काढत होत्या. राखाडी सुती झगा, पायात कापडी सपाता, चेहऱ्यावर भारावलेपण. या रुग्णालयाच्या नव्या स्वास्थ्य-सल्लागार. जपानी जीवनशैलीतून कर्मचाऱ्यांचा ताण कमी करण्यासाठी त्यांना नेमलं होतं. धुलाईखात्यात त्यांचं नाव पहिल्याच दिवशी पडलं होतं: शांतताबाई. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जगण्याचं प्रयोजन जपानी शब्दात विचारलं होतं, तुमचं इकिगाई काय? बॉयलरवाल्याने उत्तर दिलं होतं, आमच्याकडे गाई नाहीत, म्हैस होती, ती विकली.

तीन आठवडे शांतताबाई रोज साडेआठला सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसवायचा प्रयत्न करत होत्या. एकदाही जमलं नव्हतं. आज त्यांनी न सांगता अख्खं कँटीन गप्प झालं होतं.

मेडिसिन वॉर्डच्या सिस्टरांनी मान वर केली. त्यांना दारात ताई दिसल्या, गाल सुजलेल्या, पांढऱ्या साडीत. सिस्टरांची किंकाळी स्वयंपाकघरापर्यंत गेली. तीन कप फुटले.

“श्श!” शांतताबाई म्हणाल्या. “अजून चाळीस सेकंद आहेत.”

साडेनऊला प्रशासकांच्या केबिनमध्ये उलगडा झाला. शब्द होता ‘मोत्ताईनाई’. जपानी शब्द. अर्थ: वाया घालवू नका, वस्तूची कदर करा. शांतताबाईंनी पेंटरला फोनवर सांगितलं होतं, “मोठ्या अक्षरांत लिहा, मोत्ताईनाई.” पेंटर जुना माणूस. वीस वर्षं रुग्णालयाच्या पाट्या रंगवतोय आणि साहेबलोकांचं शुद्धलेखन गुपचूप सुधारतोय. त्याने हेही सुधारलं. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आदराने एक ‘त’ही जोडला.

“मग बदला की ती पाटी,” ताई म्हणाल्या.

“पेंटर पुतणीच्या लग्नाला गेलाय. शुक्रवारी येईल,” प्रशासक म्हणाले. हे गृहस्थ कुठलंही वाक्य बोलताना आधी दाराकडे बघत. “तोवर वर कागद चिकटवू.”

“कागद नको,” शांतताबाई म्हणाल्या. “जपानी विचारात अपूर्णतेतच सौंदर्य मानतात. आणि त्या पाटीचा फोटो अहवालात गेलाय.”

“आणि कुलूप?”

प्रशासकांनी दाराकडे पाहिलं. मग, पाहुण्याला चहात साखर संपल्याचं सांगावं तशा आवाजात, त्यांनी ताईंना सांगितलं. शिवणखोलीचा आता ‘मौनकक्ष’ होणार. डॉक्टर आणि सिस्टर तिथे येऊन बारा-बारा मिनिटं गप्प बसतील. शुक्रवारी अकराला विश्वस्त येतील, बसून बघतील. त्यांनी मान डोलावली की शिवणकाम कायमचं बंद. फाटलेलं कापड टाकून द्यायचं, नवं मागवायचं. ताईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवू. पाकिटं चिकटवायची असतात.

“आमची खोलीच का?”

“तळघरात तीच सगळ्यात शांत आहे, मावशी,” शांतताबाई म्हणाल्या.

“मावशी नको. इथे सगळे ताई म्हणतात. आणि शांत कुठली? दिवसभर मशीन चालतं तिथे.”

“म्हणून तर मशीन बाहेर काढलं.”

ताईंनी गालावर हात धरला. दाढेच्या जागी ठणका सुरू झाला होता. “तुमचा तो शब्द. वाया घालवू नका, असाच अर्थ ना? मग मी बावीस वर्षं काय करत होते?”

शांतताबाई मायेनं हसल्या. “करत होता. पण जाणीवपूर्वक करत नव्हता.”

केबिनमधून बाहेर पडताना ताई एवढंच म्हणाल्या, “आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा नागोबा वर बिळाला झाडू मारायला सांगतोय.” प्रशासकांनी दाराकडे पाहिलं, पण या वेळी दारात ताईच होत्या.

मशीन बाहेरच्या बोळात, धुलाईखात्याच्या दारापाशी ठेवलेलं होतं. पायमशीन, काळं, चाकावरचा सोनेरी रंग हाताने घासून गेलेला. दोऱ्यांची रिळं एका बादलीत, वर ओला पोछा. ताईंनी पोछा काढला, रिळं एकेक पुसली, स्टूल ओढलं आणि बोळातच बसल्या. मुकादमांनी गाठोडं सोडलं.

तेवढ्यात शांतताबाई खाली आल्या आणि त्यांनी त्यातली पहिलीच चादर उचलली. फाटक्या कपड्यांची छाननी त्यांना करून घ्यायची होती. “ताई, प्रत्येक वस्तू दोन्ही हातांत धरायची. डोळे मिटायचे. स्वतःला विचारायचं, हिच्यामुळे मला आनंद होतोय का? नसेल तर आभार मानून सोडून द्यायची.”

ताईंनी चादर धरली. डोळे मिटले. “ही पोटाच्या वॉर्डातली. हिच्यावर दोन-अडीच हजार माणसं झोपली असतील. आनंद कुणालाच झाला नव्हता. पण थंडी वाजली नाही.” त्यांनी डोळे उघडले आणि चादर मशीनखाली सरकवली.

मंगळवार, बुधवार असेच गेले. वरच्या वॉर्डांतून ताईंकडे एकही फाटका कपडा आला नाही. अर्ध्या वॉर्डांना ताई गेल्या एवढंच ठाऊक होतं. त्या परत आल्याच्या बातमीला तळघरातून जिने चढायला वेळ लागत होता. उरलेल्या वॉर्डांना सूचना मिळाली होती: फाटलं की आभार माना आणि काळ्या पिशवीत टाका. नवं कापड सहा आठवड्यांनी येणार होतं. बुधवारी दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डात एका खाटेवर टेबलक्लॉथ घातल्याचं मुकादमांनी डोळ्यांनी पाहिलं.

“काळ्या पिशव्या कुठे जातात?” ताईंनी विचारलं.

“माझ्याकडे. बॉयलरमागे.”

“जाळल्या?”

“मी कशाला जाळतोय? मलाही थोडा आनंद हवा,” मुकादम म्हणाले.

गुरुवारी तीन वाजता ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर स्वतः तळघरात उतरल्या. त्या खाली येत नसत. खालचे लोक वर जात. ताईंना पाहून त्या दचकल्या नाहीत, कारण त्या मृत्यूच्या बातम्यांवर सही बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसत.

“ताई, वापरण्यासारख्या हिरव्या चादरी संपल्या. उद्या साडेबाराला मोठं ऑपरेशन आहे. चौदा लागतील. माझ्याकडे चौदा आहेत, पण तपासलेली एकही नाही.”

ऑपरेशनची हिरवी चादर नुसती शिवून चालत नाही. तिला टाचणीएवढं भोक असलं तरी खालचे जंतू वर येतात. ते भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी शिवणखोलीत एक काचेचं टेबल होतं, जमिनीत बोल्टने पक्कं बसवलेलं, आतून दिवे लावलेलं. त्यावर चादर पसरायची, हिरव्या आभाळात चांदण्या शोधाव्यात तशी भोकं शोधायची, खडूने गोल करायचा, मग दोन्ही बाजूंनी ठिगळ. मशीन बोळात आणता आलं होतं. टेबल आणता येणार नव्हतं.

“टेबलाचं काय केलंय त्यांनी?” सिस्टरांनी विचारलं.

“वर गोटे मांडलेत. नदीतले. खालून उजेड येतो, छान दिसतं म्हणे.”

सिस्टरांनी एवढंच विचारलं, “कुलपाची किल्ली कुणाकडे आहे?”

“शांतताबाईंकडे.”

“ठीक.”

किल्ली कशी मिळाली हे कुणी सांगितलं नाही. शुक्रवारी पावणेदहाला शिवणखोलीचं दार उघडं होतं आणि सिस्टरांचा शिपाई चौदा हिरव्या चादरी ठेवून गेला होता. ताई आठवडाभराने आत आल्या. भिंती राखाडी झाल्या होत्या. कपाटाच्या जागी सहा उशा, जमिनीवर, रांगेत. कोपऱ्यात कुंडीत एक बारकंसं झाड, ज्याच्या वाढीला मुद्दाम आळा घातलेला. ताईंना त्या झाडाची दया आली. टेबलावरचे सव्वीस गोटे त्यांनी बादलीत भरले. मुकादम आणि बॉयलरवाल्याने मशीन उचलून आत आणलं.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी, सातवी चादर टेबलावर असताना, शांतताबाई दारात आल्या. त्यांनी आधी बादली पाहिली.

“हे काय? विश्वस्त जिन्यात आहेत!”

“येऊ द्या. उशा मी हलवल्या नाहीत.”

“ताई, प्लीज. हे बाहेर न्या.”

“टेबल उचला, मी जाते.”

शांतताबाईंनी टेबलाकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं. बोळात बुटांचे आवाज आले. आणि ज्या चपळाईने माणूस पडता पडता नाचल्याचं सोंग आणतो, त्या चपळाईने त्या वळल्या. “या, या. ही आमची सजीव मांडणी. जपानमध्ये फाटलेलं कापड फेकत नाहीत. टाक्याटाक्याने दुरुस्त करतात. ते एक ध्यानच असतं.” मग ताईंच्या कानाशी: “मशीन नको. हाताने. एका श्वासाला एक टाका.”

“साडेबाराला एका माणसाचं पोट उघडायचंय,” ताई तितक्याच हळू म्हणाल्या. “श्वास ज्याचे त्याने मोजावेत.”

पाच विश्वस्त आणि प्रशासक उशांवर बसले. दोघांना बसायला मुकादमांनी हात दिला. शांतताबाईंनी पितळी वाटीवर लाकडी दांडा मारला. टण्ण. सगळ्यांनी डोळे मिटले.

तिसऱ्या मिनिटाला ताईंना सातव्या चादरीत दोन भोकं सापडली. त्यांनी ठिगळ बसवलं आणि पाय मशीनवर ठेवला.

खटखटखटखट.

प्रशासकांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. शांतताबाईंचे डोळे मिटलेलेच होते. पापण्या थरथरत होत्या. खटखट थांबली, चादर सरकली, पुन्हा सुरू झाली. आठवी. नववी. सगळ्यात वयस्कर विश्वस्त सहाव्या मिनिटाला झोपले आणि मशीनच्या तालावर हलकेच घोरू लागले. बारा मिनिटांनी वाटी पुन्हा वाजली तेव्हा दहावी चादर टेबलावर होती आणि ताईंनी मान वर केली नव्हती.

अध्यक्षांनी गुडघे चोळले. “या बाई कोण?”

“मोठ्या ताई, सर,” प्रशासक म्हणाले.

“पण दारावर तर नाहीत असं लिहिलंय.”

कुणी काही बोललं नाही. तीन आठवड्यांतलं हे दुसरं उत्स्फूर्त मौन होतं. शांतताबाईंनी मात्र या वेळी फोटो काढला नाही.

“आपण हे पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ,” अध्यक्ष म्हणाले. “खोली कुणाची ते तेव्हा ठरवू. पण ती पाटी आजच्या आज नीट करा. नातेवाईक वाचतात.”

बारा वाजून पाच मिनिटांनी चौदावी चादर निर्जंतुक करायला वर गेली. ऑपरेशन वीस मिनिटं उशिरा सुरू झालं.

दुपारी चारला पेंटर आला, लग्नातला नवा शर्ट घालून. शांतताबाईंनी त्याला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. “मो. त्ता. ई. ना. ई.” प्रशासकांनी वेगळंच सांगितलं: बैठक होईपर्यंत नुसतं ‘तळघर’ लिहा, वाद नको. पेंटरने रॉकेलच्या फडक्याने आधी खालची बारीक ओळ पुसली, नंतर ‘नाहीत’. मग फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि मशीनवर बसलेल्या ताईंकडे वळला.

“ताई, माझं चुकलं. खरंच चुकलं. तुम्ही सांगा, काय लिहू?”

“मला काय विचारता? साहेबांना विचारा.”

“दोन साहेब दोन सांगतायत. मागे तोंडी ऐकून तुम्हाला मारून बसलो. आता कुणीतरी सहीनिशी लेखी द्या, मगच ब्रश उघडतो.” तो बाकड्यावर बसला.

सहा वाजेपर्यंत लेखी आदेश खाली आला नव्हता. पेंटर डबा घेऊन घरी गेला होता. नव्या कुलपाची किल्ली थिएटरच्या सिस्टरांकडे होती की शांतताबाईंकडे, याबद्दल दोघींनीही सांगायला नकार दिला. सव्वीस गोटे बादलीतच होते. मुकादमांनी बॉयलरमागच्या काळ्या पिशव्यांपैकी पहिल्या चार आत आणून ठेवल्या होत्या, आणि दारावर ‘मोठ्या ताई’ एवढंच होतं.