बलकांचा केक

आमच्या वायनरीत दुपारच्या जेवणात कौतुक करावं असं सहसा काही नसतं, म्हणून त्या दिवशी केक दिसला तेव्हा मी दोन तुकडे उचलले. पिवळाधमक केक. पहिला तुकडा तोंडात असतानाच मी स्वयंपाकाच्या काकूंना विचारलं, "काकू, आज कुणाचा वाढदिवस?"

"कसला वाढदिवस! फ्रीजर साफ करायला काढला. डबाभर बलक सापडले. तळघरातल्या नाकोबांनी आणून दिले होते ते, पिंपांतली वाइन निवळायला घातली होती तेव्हा."

मी दुसरा तुकडा परत ठेवला.

एवढे बलक काकूंकडे आले, तर पांढरं कुठे गेलं हे आमच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. लोकांना वाटतं, वाइन म्हणजे द्राक्षं, त्यात मांसाहारी काय असणार? पण नवी वाइन गढूळ असते. ती निवळायला कुणी अंड्याचं पांढरं घालतं, कुणी माशाच्या पोटातल्या पिशवीची पूड, कुणी दुधातलं प्रथिन. ते गाळाला धरून तळाशी बसतं आणि वरची नितळ वाइन काढून घेतात. मालकीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी हे सगळं बंद करून निवळायची खास माती आणली. बाटलीवर 'प्राण्यांपासूनचं काही नाही' असं सांगणारं हिरवं पान आलं. आणि प्रत्येक पिंपाच्या कार्डावर 'माती' या शब्दापुढे सही माझी.

ती मी दर शुक्रवारी एकगठ्ठा ठोकते. तळघरात उतरून बघत नाही. नाकोबा म्हणजे नुसत्या वासावर पिंप ओळखणारा माणूस, मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांच्या मागे जाऊन त्यांचंच काम तपासायची मला लाज वाटायची. आता खरं बोलायचं तर लाज कमी, आळस जास्त.

एरवी चार दिवस आरडाओरडा झाला असता आणि विषय मिटला असता. पण त्याच खेपेच्या दोन बाटल्या मी काल ताईला नेऊन दिल्या होत्या.

ताई माझी मोठी बहीण. विशीत एका पेस्ट्रीतल्या अंड्याने तिचा घसा असा सुजला की ती मरता मरता वाचली. तेव्हापासून तिने अंडंच काय, मांस-मासे, दूध, सगळंच सोडलं. "कशाकशाला घाबरत बसू? कुंपणच घातलं," म्हणायची. कुठेही जेवायला गेली की पहिला प्रश्न ठरलेला : "यात काय आहे?" लग्नाच्या पंगतीत विचारायची, सासूलाही विचारायची. विचारायची नाही ती फक्त मला. मी ताट पुढे केलं की ती जेवायला सुरुवात करायची.

आज ती ग्रंथालयातून निवृत्त होत होती. तीन वाजता निरोपाचा कार्यक्रम. जन्मात एकदा सगळ्यांबरोबर खरा पेला उचलायचा, अशी तिची हौस. पान हे काही डॉक्टरचं प्रमाणपत्र नव्हे, हे तिला ठाऊक होतं. मीच छाती फुगवून म्हणाले होते, "द्राक्षं आणि माती, बास. माझ्या सहीवर पी."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी तळघराच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरले. नाकोबा एका पिंपाला कान लावून उभे होते.

"अंडी घातलीत ना तुम्ही?"

ते दचकले, पण नाही म्हणाले नाहीत. "माती वाइनचा जीव काढून घेते गं. सहाच पिंपांत घातलं. आणि पांढरं तळाशी बसतं, आपण वरचं घेतो. बाटलीत कुठलं आलंय अंडं?"

"कणभरसुद्धा नाही? छातीवर हात ठेवून सांगा."

नाकोबांनी हात छातीपर्यंत नेला आणि तसाच खाली सोडला. त्यांच्यावर ओरडायलाही माझ्याकडे वेळ नव्हता.

ताईचा फोन वाजत राहिला. कामाच्या वेळी फोन खणात, हा तिचाच नियम. ग्रंथालयाचा नंबर लागेना. मी गाडी काढली. रस्ताभर मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त ताईचा गळा दिसत होता, आणि त्या वेळी आईने तिच्या पायाशी बसून काढलेला आवाज ऐकू येत होता. लाल सिग्नलला मी हॉर्न दाबूनच धरला. पुढच्या टेम्पोवाल्याला मी अशा शिव्या घातल्या की त्याने काच खाली करून मला नमस्कार केला. मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलीसारखी भीती.

वाचनकक्षात टाळ्या चालू होत्या. ताई मधल्या टेबलापाशी उभी होती, गालांवर लाली, हातात रिकामा पेला.

"आलीस? काय मस्त आहे गं तुमची माती!" ती हसली आणि मग खोकली.

मी गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"ताई, त्यात अंडं आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "असू शकतं. निवळायला घातलं होतं. मी बघितलं नाही, नुसती सही केली."

ताईने पेला खाली ठेवला, पर्समधून ॲलर्जीचं इंजेक्शन काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली. तिच्या सहकारी बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, श्वास जड वाटला की क्षणाचीही वाट न बघता इंजेक्शन द्या आणि घेऊन या, तोवर नजर हटवू नका.

मी नजर हटवली नाही. भिंतीवरचं घड्याळ, तिचे ओठ, पुन्हा घड्याळ. ती गळ्याला बोटं लावून प्रत्येक आवंढा तपासून गिळत होती. खोकला भाषणाचा होता की वाइनचा, हे तिलाही कळत नव्हतं. एकदा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मला बरं वाटलं, निदान मला धरलं तरी होतं.

असा तासभर गेला. काहीच झालं नाही. ओठ सुजले नाहीत, श्वास अडकला नाही. लोक हळूहळू खुर्च्या आवरू लागले. कुणीतरी राहिलेली वाइन बेसिनमध्ये ओतली. माझा जीव भांड्यात पडला आणि मला रडू फुटलं.

"रडू नको," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "घसा कोरडा पडलाय माझा."

मी धावत जाऊन कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला आणि तिच्यापुढे धरला.

ताईने तो घेतला. ओठांपर्यंत नेला, थांबली, खिडकीच्या उजेडात धरून बघितला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"यात काय आहे?"