पावणेतेहतीस

"झालं का हो सिस्टर, पावणेदोन?"

बाळाच्या आईने मान उंच करून काट्याकडे पाहिलं. अठरा दिवस ती रोज सकाळी हेच विचारत होती. पावणेदोन किलो भरल्याशिवाय या वॉर्डातून बाळ घरी सोडत नसत. काट्यावरचे आकडे थोडे नाचले आणि थांबले: १.७४५.

सिस्टर आयांना वजन पाव-पाऊणमध्येच सांगायच्या. दशांश चिन्ह दिसलं की बायका गांगरायच्या. पाव म्हणजे पंचवीस, अर्धा म्हणजे पन्नास, पाऊण म्हणजे पंच्याहत्तर, एवढं सांगितलं की त्यांच्या जिवात जीव यायचा. तरुण नर्सेस त्यावरून त्यांना पाठीमागे पाऊणबाई म्हणत, आणि सिस्टरांना ते पक्कं ठाऊक होतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. पाय तर कधीच निवृत्त झाले होते.

"पाच ग्रॅम कमी आहे," त्या म्हणाल्या.

वजनाच्या तक्त्यात दशांश चिन्हापुढे दोनच चौकटी होत्या. तिसरा आकडा पाच किंवा जास्त असेल तर दुसरा एकाने वाढवायचा, हा शाळेतलाच नियम तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलेला होता. नियमाने १.७५ होत होतं. सिस्टरांनी १.७४ लिहिलं.

"मी दहावी शिकलेय, सिस्टर," आई म्हणाली. "पाच आला की पुढचा आकडा घेतात."

"घेतात."

"मग? पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर मीठ. थोरली घरी दारात बसून आहे माझी. हे खाली गाडी घेऊन आलेत."

"त्यांना उद्या यायला सांग."

"तुमच्या बापाचं काय जातंय एक आकडा लिहायला?"

सिस्टरांनी तक्ता मिटून ठेवला. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर हाच आकडा आला होता. तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे १.७५ लिहिलं होतं आणि ती आई हसत घरी गेली होती. चौथ्या दिवशी बाळ गार पडून परत आलं आणि संध्याकाळी गेलं. चौकशी लागली. सिस्टर तीन महिने निलंबित होत्या. पाच ग्रॅमने काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी लेखी दिलं, तेव्हा त्यांना परत घेतलं. ते तीन महिने मात्र नोकरीत धरले नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं सिस्टरांना कधीच पटलं नाही. तेव्हापासून त्यांनी एकाही बाळाचा आकडा वर नेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काट्यावर १.७६५ आलं.

"पावणेदोनच्या वर आहे," सिस्टर म्हणाल्या आणि १.७६ लिहिलं. आई अजून फुगलेलीच होती. मुकाट्याने बाळ गुंडाळून ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"टोपी एक घालू की दोन?"

"दोन. आणि छातीशी धर, अंगाची ऊब लागली पाहिजे."

दुपारी ऑफिसातल्या हेडक्लार्कने त्यांना बोलावून घेतलं. समोर सन्मानपत्राचा कच्चा मसुदा होता.

"बाई, तेहतीस वर्षं सेवा लिहिलीय. तशी बत्तीस पॉइंट पंच्याहत्तर भरतात. पण पॉइंट पाचच्या वर गेलं की पुढचा आकडा."

"पावणेतेहतीस लिहा."

"अहो, सन्मानपत्रावर पावणे कोण लिहितं? भाजी तोलतोय का आपण? तीन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"बिघडतं," सिस्टर म्हणाल्या. "ते तीन महिने माझे नाहीत. त्या बाळाचे आहेत."

हेडक्लार्क जुना माणूस होता, ती चौकशी त्याला ठाऊक होती. त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून 'तेहतीस'च्या अलीकडे, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात 'पावणे' घुसवलं.

सिस्टरांनी चष्मा लावून ते वाचलं. मग त्या वॉर्डाकडे निघाल्या. बाळांच्या दुधाची वेळ झाली होती.