शनिवारचा मासा

पनवेलमध्ये, ज्यूंच्या सिनेगॉगपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रुबेन झिराडकरांनी अकरा वर्षं एक समुद्र पाळला होता. पाच फूट लांब नि दोन फूट उंच असा तो समुद्र दिवाणखान्यात काचेआड राहायचा. त्याचा सूर्य भिंतीवरच्या टायमरने उगवायचा आणि मावळायचा. त्याच्या खारटपणावर रुबेनची इतकी करडी नजर असायची, की त्यांच्या पत्नी सिप्पोराबाई म्हणायच्या, माझ्या आमटीत मीठ आहे की नाही हे या माणसाने पस्तीस वर्षांत एकदा विचारलं नाही. आतल्या दगडांवर हिरवी, गुलाबी, जांभळी प्रवाळं वाढून वाढून एकमेकांना अशी बिलगली होती की सगळ्या दगडांचा मिळून एकच डोंगर झाला होता.

२०१२च्या गणपतीनंतर या डोंगरात एक एंजल मासा राहायला आला. बोटभर लांबी, जांभळं अंग, नारिंगी पोट. दुकानदार म्हणाला होता, अगदी गरीब आहे. आठवड्याभरात या गरिबाने प्रवाळांना टोचे मारायला सुरुवात केली. उमललेल्या बोंडाजवळ जायचा, तिरपा होऊन एका डोळ्याने न्याहाळायचा, आणि लग्नघरातल्या आगाऊ पाहुण्याने जाता जाता ताटातला एखादा काजू उचलावा तसा चिमटा काढून पुढे सरकायचा. पोट भरायला नव्हे, चाखायला. पण चिमटा बसलेलं प्रवाळ मिटायचं ते दिवसचे दिवस उघडायचं नाही, आणि मिटलेलं प्रवाळ उजेडावाचून झुरत जातं. नोव्हेंबर सरला तेव्हा अर्धा डोंगर मिटला होता.

एरवी रुबेननी या माशाशी वर्षभर हुज्जत घातली असती, पण आता वेळ नव्हता. मुलगी आदिना इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक झाली होती आणि दोघांनी कायमचं तिच्याकडे जायचं ठरलं होतं. टाकीपायी तिकिटं एकदा पुढे ढकलून झाली होती. आता डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी रात्रीचं विमान होतं, आणि सिप्पोराबाईंनी आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, "या खेपेला तुम्ही नाही आलात तरी मी जाणार."

टाकी नेणार होता खारघरचा गुरुदत्त. त्याच्या घरी दुप्पट मोठी टाकी होती. पण त्याची एक अट होती. "काका, तो मासा आधी काढा. डोंगर उचलला की तो कपारीत बसून माझ्याकडे येणार, आणि मग माझी प्रवाळं गेली कामातून. दगड फोडून काढायचा म्हटलं तर तुमची मरतील."

म्हणून सापळा आला. सापळा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची एक पेटी, तिला वर उचललेलं सरकतं दार, आणि दाराला बांधलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, टाकीच्या काठावरून थेट रुबेनच्या आरामखुर्चीच्या हातापर्यंत. आत कोळंबीचा तुकडा. मासा आत गेला की तंगूस सोडायचा, दार खाली. कोळंबी ज्यूंना वर्ज्य, म्हणून सिप्पोराबाईंच्या फ्रिजलाही निषिद्ध, त्यामुळे उरणची कृष्णाबाई मासळी विकायला येताना रोज दोन कोळंब्या वेगळ्या आणायची. एकदा टोपली उतरवून ती खुर्चीत खिळलेल्या रुबेनकडे बघत राहिली.

"आमी माशाची वाट बगतो, तुमचा मासा तुमची वाट बगतंय," ती म्हणाली. "ह्यो धंदा उलटा हाय, भाव."

रुबेन हसले. पण कृष्णाबाईची नजर मासे ओळखण्यात मुरलेली होती, आणि ती म्हणाली ते खरंच होतं. रविवार ते शुक्रवार मासा सापळ्याकडे ढुंकूनही बघत नसे. शुक्रवारी सूर्य बुडाला, सिप्पोराबाईंनी शब्बाथचा दिवा लावला, की तो कपारीतून निघायचा, सावकाश पेटीत शिरायचा आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत आतच बसून राहायचा.

शनिवारी मासा धरणं हे काम, आणि शब्बाथला काम निषिद्ध. नोकरीत असताना तीस वर्षं रुबेन शनिवारी कारखान्यात गेले होते, म्हणूनच निवृत्त होताना त्यांनी बायकोला शब्द दिला होता, की उरलेला एकही शनिवार मोडणार नाही.

"मी काही धरत नाही," ते एका शनिवारी म्हणाले, "नुसता दोरा सोडायचाय."

"सोडणं म्हणजेच धरणं," सिप्पोराबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय आणि त्यालाही कळतंय."

पुढच्या शनिवारी गुरुदत्त आपणहून आला. मला कसला शब्बाथ, म्हणत खुर्चीत बसला. मासा पेटीतून निघाला आणि डोंगरामागे गेला. तासाभराने गुरुदत्त फोन घ्यायला बाल्कनीत गेला, तसा मासा पेटीत. तो परतला, तसा मासा बाहेर. असं चारदा झाल्यावर गुरुदत्तने चपला घातल्या.

"काका, याला माझी जन्मपत्रिका दाखवलीत काय तुम्ही?" तो म्हणाला, पण जाताना त्याने टाकीकडे पाठ केली नाही.

मग तो शेवटचा शनिवार आला. दाराशी चार बॅगा उभ्या होत्या. अंधार पडला की टॅक्सी घेऊन येतो, असं पळस्प्याच्या गणूने सांगितलं होतं. सगळ्या डोंगरावर एकच हिरवं प्रवाळ उघडं उरलं होतं, आणि मासा पेटीच्या मधोमध, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. दुपारी चारच्या सुमाराला रुबेननी खुर्चीच्या हातावरची गाठ सोडली.

ताटात चमचा ठेवावा एवढाच आवाज झाला. मासा बिथरला नाही. तो वळला आणि एका डोळ्याने त्यांना न्याहाळू लागला. मागे डोंगरावर एकेक प्रवाळ उमलायला लागलं.

स्वयंपाकघरातून सिप्पोराबाईंनी विचारलं, "सोडलात?"

"सोडला."

"बरं," त्या म्हणाल्या.

सूर्य बुडाल्यावर दोघं बाल्कनीत येऊन उभी राहिली. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मग प्रार्थना, मग टॅक्सी, मग विमान. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या बाजूला एक तारा दिसला. थोड्या वेळाने दुसरा. तिसऱ्यासाठी दोघांनी सगळं आकाश पालथं घातलं, कारण इतक्या वेळात तो दिसायलाच हवा होता. किती वेळ झाला हे पाहायला रुबेन आत गेले. सहा पस्तीस. सेकंदकाटा फिरत होता, हे त्यांनी मुद्दाम थांबून पाहिलं. ते परत येऊन उभे राहिले, पाय दुखेपर्यंत राहिले, पुन्हा आत गेले. सहा पस्तीस. पश्चिमेचा करडा उजेड तसाच होता. रस्त्यावरचे दिवे लागले नव्हते. समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढून खांद्यावर टाकत होती, एकामागून एक, आणि दोरी काही रिकामी होत नव्हती.

"उघडा त्या पेटीचं दार," सिप्पोराबाई म्हणाल्या.

"मग गुरुदत्त टाकी नेणार नाही. तू एकटी जाशील."

"राहीन मी. पण हा दिवस जाऊ दे."

त्या कधी राहीन म्हणाल्या नव्हत्या. रुबेननी तंगूस ओढला, दार पार वर नेलं आणि गाठ मारली. समोर सगळा डोंगर फुललेला होता. मासा दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थबकला, बाहेर डोकावला आणि माघारी वळून पेटीच्या मधोमध जाऊन बसला. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केली. मग तळहाताने थापटलं. बाही वर करून हात पाण्यात घातला, आणि मासा नुसता त्यांच्या बोटांना अंग लावून राहिला.

"आला का तिसरा?" त्यांनी तिथूनच विचारलं.

सिप्पोराबाईंनी बाल्कनीतून पुन्हा एकदा सगळं आकाश पाहिलं.

"दोनच," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या बाईने दोरीवरचा आणखी एक कपडा काढला.