एकोणतिसावं मत

“वहिनी, ही शाई कपड्यांसाठी आहे. बोटाला लावाल तर पंधरा दिवस हात चोळत बसाल,” असं दिराने बाटली हातात देतानाच बजावलं होतं. दिराची लाँड्री होती. कुठली चादर कोणाची हे कळावं म्हणून तो कोपऱ्यावर ज्या जांभळ्या शाईने खूण करायचा, ती शाई सोडा, वाफ, उकळतं पाणी, सगळ्यांना पुरून उरायची. पण खारूच्या आईचं लक्ष भलतीकडेच होतं.

“विषारी नाही ना?” तिने तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही हो. पण जात नाही, हे ऐकलंत ना?”

“एखाद्या मुलाने बोट तोंडात घातलं तर?”

“तर जीभ जांभळी होईल. वहिनी, जात नाही म्हणतोय मी.”

“आणि पुरळ?”

“वहिनी!”

“जाईल हो! मुलांची बोटं ती. दिवसातून चारदा मातीत, आठदा नाकात. कुठली शाई टिकतेय?”

काळजी करण्यात खारूच्या आईचा हात कोणी धरला नसता. फक्त जिची करायची ती सोडून बाकी सगळ्या गोष्टींची ती करायची. खारू म्हणजे तिची आठ वर्षांची लेक. पुढे आलेले दोन दात आणि दिवसभर काही ना काही कुरतडायची सवय, त्यामुळे खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. वर्गाच्या बाईंनी पालकांना विचारलं, “शुक्रवारी मुलांना निवडणूक शिकवायची आहे, कोणी मदतीला येईल का?” तेव्हा खारूच्या आईचा हात बाईंचं वाक्य संपायच्या आत वर गेला होता. कॉलेजात तिने राज्यशास्त्र घेतलं होतं, आणि त्यानंतर नऊ वर्षांत त्या विषयावर तिला कोणी अवाक्षर विचारलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, बोटावर स्केचपेनची रेघ पुरे.

“स्केचपेन? ते घामाने जातं. एकेकजण तीनतीनदा मत देऊन येईल! निवडणूक म्हणजे निवडणूक, बाई.”

नेलपॉलिश तिनेच बाद केलं, कारण वासाने मुलांना चक्कर येईल. अशी फिरून फिरून गाडी लाँड्रीच्या शाईवर आली.

प्रश्न साधा होता: मधल्या सुट्टीत आधी डबा की आधी खेळ? आठवडाभर वर्गात नुसता धुरळा उडाला. खेळपक्षाने फळ्यावर चेंडू काढला. डबापक्षाने खोडरबर वाटायला सुरुवात केली. बाईंनी ते जप्त करून ‘आमिष’ हा शब्द वहीत दहादा लिहायला लावला. खारू कट्टर खेळपक्षाची. तिची आई कोणाची, हे सांगायला नकोच. लेकीचा अर्धा डबा रोज परत आलेला तिने पाहिला होता.

शुक्रवारी बुटांच्या खोक्याला चीर पाडून मतपेटी झाली. कपाटाआड टेबल लावलं. बाईंनी तीस चिठ्ठ्या केल्या होत्या, एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला चेंडू. मुलं अठ्ठावीस, दोन चिठ्ठ्या जास्तीच्या. खारूच्या आईने काडीला कापूस गुंडाळून बाटलीत बुडवला, आणि रांगेतला पहिलाच मुलगा हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

“काकू, दुखतं का?”

“मुळीच नाही. हे बघ,” म्हणून तिने स्वतःच्या डाव्या तर्जनीवर नखापासून चांगली लांब रेघ ओढली.

तरी मुलगा हलेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, “मला लावा. मला सवय आहे.”

ते घंटाकाका. शाळेची घंटा वाजवणारे, वर्ग झाडणारे, शाळेमागच्या खोलीत एकटे राहणारे. त्यांनी बोट पुढे केलं आणि मुलांकडे वळून म्हणाले, “अकरा वेळा लावून घेतलीय मी. एकही मतदान चुकवलेलं नाही. एकदा अंगात ताप होता, तरी गेलो. सोमवारी बारावं. कळलं? आता घाबरायचं नाही.”

मग मुलं घाबरली नाहीत. उलट एकीने दोन बोटं पुढे केली. पुढचा अर्धा तास खारूच्या आईला मान वर करायलाही उसंत मिळाली नाही. कोणाच्या बाहीला शाई, कोणाच्या कानाला, आणि एकाने खरोखरच बोट चाटून पाहिलं.

मोजणी झाली. डबा पंधरा, खेळ चौदा.

डबापक्ष बाकांवर उभा राहून नाचला. पण खेळपक्षात एक पोर गणितात पक्की होती. “बाई, हे एकोणतीस झाले. आम्ही तर अठ्ठावीस!”

बाईंनी मुलं मोजली. अठ्ठावीस. चिठ्ठ्या मोजल्या. एकोणतीस. तेवढ्यात खारू उभी राहिली.

“आई, तुझ्या बोटाला शाई आहे. तू डब्याची आहेस. तूच टाकलंस!”

पोटची पोर! खारूच्या आईचा चेहरा शाईपेक्षा जांभळा झाला. “मी? अगं, मी राज्यशास्त्र शिकलेय!” असं काहीतरी ती बोलून गेली. त्याने तिची बाजू मजबूत झाली नाही. बाईंनी चौकशी मंगळवारवर ढकलली, कारण सोमवारी खरं मतदान, शाळेला सुट्टी आणि बाईंना दुसऱ्या गावी निवडणुकीचं काम.

शनिवारी तिने बोटाला लिंबू चोळलं. रविवारी खायचा सोडा, मग टूथपेस्ट, मग भांड्यांची घासणी. कातडी लाल झाली, शाई होती तशीच राहिली. दीर दारात उभा राहून पाहत होता.

“मी काही बोलतोय का?” तो म्हणाला.

“बोलू नका, भावजी.”

“नाहीच बोलत.”

सोमवारी जावं की न जावं यात दुपार गेली. पाच वाजता खारूला घेऊन ती शाळेत पोचली. मतदान केंद्र नेमकं खारूच्याच वर्गात होतं. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर पुसट चेंडू अजून तसाच. टेबलामागे थकलेले केंद्रप्रमुख साहेब, चष्मा नाकाच्या टोकावर.

“डाव्या हाताचं बोट.” मग चष्म्यावरून बघत, “ताई, तुमचं झालंय.”

“झालेलं नाही! ही लाँड्रीची शाई आहे.”

“लाँड्रीत मतदान केंद्र नाही.”

“अहो, वर्गात निवडणूक होती. डबा की खेळ. म्हणजे मी मत दिलं नाही हो, नुसती शाई लावली. मला सगळे चोर म्हणताहेत, पण मी...”

मागून कोणीतरी म्हणालं, “ताई, एकदा पुरे हो! बाकीच्यांनाही देऊ द्या!” रांग खदखदून हसली. खारूच्या आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतक्यात टेबलाच्या कडेवरून एक छोटं जांभळं बोट वर आलं.

“माझंपण झालंय,” खारू म्हणाली.

साहेबांनी बोट पाहिलं. रांगेत आईवडिलांबरोबर आलेली तिच्या वर्गातली पोरं काय मागे राहतात! “माझंपण!” “माझी दोन!” टेबलाभोवती सात-आठ जांभळी बोटं उगवली.

“काय गं,” साहेब खारूकडे वाकून म्हणाले, “तू कोणाला दिलंस?”

“सांगायचं नसतं,” खारू करड्या आवाजात म्हणाली. “गुप्त असतं. तुम्हाला शिकवलं नाही का?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. यादी उघडली. खारूच्या आईच्या नावापुढे सही नव्हती. त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि मधल्या बोटावर खरी शाई लावून म्हणाले, “जा. आज इथे आलेल्या सगळ्यांपेक्षा या पोरीला नियम जास्त ठाऊक आहेत.”

मत देऊन ती बाहेर येते तर साहेब कारकुनाला सांगत होते, “म्हणजे सकाळचे आजोबाही यातलेच की काय? त्यांचं बोटही असंच जांभळं होतं. पण मी विचारलं, ‘आजोबा, मतदान केलंय का?’ तर सरळ ‘हो’ म्हणाले आणि गेले.”

तीन दिवस तिने स्वतःच्या बोटाची काळजी केली होती. घंटाकाकांचं बोट तिला आठवलंही नव्हतं.

“सहाला बंद होतं ना?” तिने विचारलं. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते.

शाळेमागच्या खोलीचं दार उघडंच होतं. घंटाकाका इस्त्रीचा सदरा घालून स्टुलावर बसले होते. समोर वाटीत साबणाचं पाणी, हातात पाय घासायचा दगड.

“काका! साहेबांना ‘हो’ का म्हणालात?”

“ते विचारत होते, केलंय का. केलं होतं ना मी. खोटं कसं सांगू?”

“कधी केलं होतं?”

“शुक्रवारी,” काका म्हणाले. “डब्याला.”

ती दाराच्या उंबऱ्यावरच बसली. “ते एकोणतिसावं तुमचं?”

“तुम्ही शाई लावलीत. शाई लागल्यावर मत न देता परत जाणारा माणूस मी नव्हे. टेबलावर चिठ्ठी होती, मी रांगेच्या अगदी शेवटी उभा राहिलो. मधे घुसलो नाही हां.”

“मग कोणाला सांगितलं का नाहीत?”

“मी घंटा वाजवायला गेलो. मागे काय झालं, मला काय ठाऊक?” मग बोट वाटीत बुडवत, “आधी खेळली की पोरं डबा अर्धा टाकतात. केराची बादली मीच उचलतो ना. म्हणून डबा.”

पटलं तिला. पण आत्ता ते पटवून घ्यायची वेळ नव्हती. “काका, ते मत वेगळं, हे वेगळं!”

“ते कळतं हो मला. पण एवढं सगळं सांगायचं कसं? मागे रांग, साहेब घाईत. एका शब्दात विचारलं, एका शब्दात सांगितलं.” त्यांनी दगड खाली ठेवला. “अकरा झाली. पुष्कळ झाली.”

“पुष्कळ नाही झाली,” खारू म्हणाली. “उठा.”

काका उठले. पण आधी केस विंचरले. मग चपला शोधल्या. मग दाराला कडी लावून ती लागली का ते ओढून पाहिलं. खारूच्या आईचा जीव टांगणीला लागला होता.

“काका, सहा वाजतील!”

“अजून अकरा मिनिटं आहेत. या शाळेत वेळ मला सांगायची नाही.”

त्यांना पाहताच साहेबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. यादी उघडली, सही नाही. यावेळी त्यांनी सगळं नीट विचारलं, आणि काकांनीही नीट सांगितलं, केराच्या बादलीसकट. सहाला चार मिनिटं असताना बारावं मत पडलं. बाहेर येऊन काकांनी मधलं बोट निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ही बरी. तुमच्या दिराची जरा जास्तच पक्की आहे.”

मंगळवारी त्यांनी वर्गात उभं राहून कबुली दिली. खारूने मोठ्याने जाहीर केलं, “माझी आई चोर नाही,” आणि खाली बसून आईने दिलेल्या डब्यातली पोळी कुरतडायला घेतली. काकांचं मत बाद झालं. डबा चौदा, खेळ चौदा. पुन्हा मतदान ठरलं, आणि बाईंनी कोणाकडेही न पाहता फळ्यावर लिहिलं: ‘स्केचपेन आणणे.’

दीर अजूनही काही बोलत नाही. आणि खारूची आई आता मतदानाच्या दिवशी सकाळीच बाहेर पडते, भेटेल त्याला सांगते, तेच तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या शाळेमागे, जिन्याखाली, शेजारच्या खोलीत कोणी एकटं, इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर घरातच बसलेलं असेल, तर सहा वाजायच्या आत जरा डोकावून या. आणि “मतदान केलंत का?” असं विचारू नका, ते ‘हो’ म्हणतील. “कुठे केलंत?” असं विचारा.